महत्त्वाच्या कामाला आठवड्यात जागा कशी करायची: पहिल्यांदाच वेळेचं नियोजन करणाऱ्यांसाठी

दिवसभर हात रिकामा नसतो आणि तरीही ज्या कामाची मनाला सर्वात जास्त ओढ असते तेच नेमकं उद्यावर जातं, असा अनुभव तुम्हाला वारंवार येत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ते काम म्हणजे परीक्षेचा अभ्यास असेल, अर्धवट राहिलेला प्रबंध असेल, तब्येतीसाठी रोजचा व्यायाम असेल, किंवा आईवडिलांसोबत निवांत बसणं असेल. खाली दिलेली पद्धत मी स्वतः वापरते. दर आठवड्याला ती शंभर टक्के जमते असं नाही, पण तिच्यामुळे महत्त्वाचं काम बाजूला पडत नाही, आणि पडलंच तर लगेच लक्षात येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. कमी वेळात जास्त कामं कशी उरकायची हे इथे सापडणार नाही. इथला सगळा भर मोजक्या कामांना जागा देण्यावर आहे, आणि त्यासाठी बाकीची काही कामं सोडावी लागतात. तेवढी तयारी ठेवून पुढे वाचा.

काय काय लागेल

- एक साधी वही आणि पेन
- एक कॅलेंडर, कागदी किंवा फोनमधलं. पण एकच! दोन कॅलेंडरं ठेवली की दोन्हींवरचा विश्वास उडतो.
- गजर लावता येईल असं घड्याळ, शक्यतो फोनपासून वेगळं
- सुरुवातीला नोंदी ठेवण्यासाठी एक आठवडा

नवीन अ‍ॅप घेऊ नका. निदान पहिला महिना तरी नको. अ‍ॅप निवडणं, त्यात रंग भरणं, याद्या सजवणं यात संध्याकाळ जाते आणि काम केल्याचं समाधानही मिळतं. वहीत हा मोह होत नाही.

१. आठवडाभर फक्त नोंद करा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. जसे जगता तसे जगा आणि काम बदललं की वेळ लिहा. दिवस संपल्यावर आठवून लिहिलेलं चालत नाही, कारण आपल्याला आठवतं ते ठरवलेलं. प्रत्यक्षात झालेलं वेगळंच असतं.

कार्यालयातल्या एका सकाळची नोंद साधारण अशी दिसते:

९.१० – अहवाल उघडला
९.१८ – ईमेल आला, उत्तर दिलं
९.२५ – फोनवर बातम्या
९.५० – सहकारी प्रश्न घेऊन आला
१०.०५ – परत अहवाल, कुठपर्यंत आलो होतो ते शोधलं
१०.१५ – फोन आला
१०.३० – बैठक

या माणसाला दुपारी विचारलं तर तो मनापासून सांगेल, "साडेदहापर्यंत अहवालच करत होतो." वही सांगते की ८० मिनिटांपैकी अहवालाला १८ मिनिटं मिळाली, आणि तीही दोन तुकड्यांत. ही नोंद स्वतःला दोष देण्यासाठी नाही. वेळ कुठून गळतो ती जागा दिसावी, एवढाच तिचा उपयोग. बहुतेकांच्या वहीत अशा दोन-तीनच मोठ्या गळत्या निघतात, आणि त्या रोज जवळपास त्याच वेळेला असतात.

दोन दिवस लिहायचं राहिलं तर तिसऱ्या दिवसापासून पुन्हा लिहा. पाच दिवसांच्या नोंदीतूनही चित्र कळतं.

२. १६८ तासांचा हिशोब मांडा

आठवड्याचे तास १६८. हा आकडा कुणालाही वाढवून मिळत नाही. आता तुमच्या वहीच्या आधारे वजाबाकी करा. नोकरी करणाऱ्या आणि घरही सांभाळणाऱ्या माणसाचा हिशोब ढोबळमानाने असा येतो:

झोप रोज ८ तास धरून ५६. नोकरी ४५. जाण्यायेण्यात १०. स्वयंपाक, जेवण, घरकाम रोज ३ तास, म्हणजे २१. आंघोळ आणि तयारी ७. इथवर १३९ झाले, उरले २९. घरच्यांसोबत रोज २ तास म्हटले तर १४ गेले. खरेदी, बिलं, दवाखाना, दुरुस्त्या यांना ५ धरा. हातात राहिले १० तास.

आणि हे दहाही तास सारखे नसतात. रात्री साडेदहानंतरचा तास आणि सकाळी डोकं ताजं असतानाचा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कठीण काम करता येईल असे तास दहापैकी पाच-सहाच निघतील.

हा आकडा पाहून वाईट वाटणं साहजिक आहे. पण याच पायरीवर पुढचं सगळं उभं आहे. आठवड्याला पाच-सहा चांगले तास असताना आपण भाषा शिकणं, व्यायाम, अभ्यासक्रम, लेखन, घराची आवराआवर असं सगळं एकदम ठरवतो आणि पाचव्या दिवशी स्वतःला आळशी म्हणतो. यात आळसाचा संबंध नाही. बेरीजच जुळत नव्हती.

सावधान: वजाबाकी जुळवण्यासाठी झोपेचा आकडा कमी करू नका. सगळे तिथेच हात घालतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या लोकांची एकाग्रता आणि स्मरण एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं खालावलं. त्यांना स्वतःला मात्र आपण एवढे मंदावलो आहोत हे फारसं जाणवत नव्हतं. झोपेतून काढलेला तास दुसऱ्या दिवशीच्या चुकांमध्ये परत द्यावा लागतो.

३. महत्त्वाचं काय ते ठरवा, आणि नाही ते लिहून काढा

ही सगळ्यात अवघड पायरी. तिला घाई करू नका.

तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक आधी नीट धरा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं. त्याचा आशय असा, की माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, तातडीचे आणि महत्त्वाचे. तातडीचे महत्त्वाचे नसतात आणि महत्त्वाचे कधीच तातडीचे नसतात. काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही यावरून कामांचे चार चौकोन पाडायची जी पद्धत आयझेनहॉवर यांच्या नावाने चालते, तिच्या मुळाशी हाच भेद आहे.

यातला दुसरा भाग मला फार खरा वाटतो. तातडीचं काम स्वतःहून दार ठोठावतं. त्याला मुदत असते, मागणारा माणूस असतो, उशीर झाला की कुणीतरी रागावतं. महत्त्वाचं काम गप्प बसून असतं. आज व्यायाम केला नाही तर आज काहीच बिघडत नाही, उद्याही नाही. बिघडतं ते वर्षांनी, आणि तेव्हा कोणत्या दिवशी बिघडलं ते सांगता येत नाही.

आता वही घ्या आणि डोक्यात आहेत ती सगळी कामं, इच्छा, जबाबदाऱ्या एका पानावर उतरवा. मग प्रत्येकीला हे तीन प्रश्न विचारा:

- हे वर्षभर झालंच नाही तर कुणाचं, काय नुकसान होईल?
- हे मीच करायला हवं का?
- हे मला हवंय, की मी ते करावं असं दुसऱ्या कुणाला वाटतंय?

तिसऱ्या प्रश्नावर थांबा. यादीतल्या बऱ्याच गोष्टी कुणाच्या तरी बोलण्यावरून, कुणाचं तरी पाहून आलेल्या असतात. त्यांना महत्त्वाचं म्हणत आपण वर्षानुवर्षं ओझं वाहतो.

शेवटी जास्तीत जास्त तीन गोष्टी निवडा, पुढच्या तीन महिन्यांसाठी. आयुष्यभरासाठी निवडायच्या नाहीत म्हटलं की निवडणं सोपं जातं. उरलेल्या गोष्टींसाठी वेगळं पान करा आणि वर लिहा, "आत्ता नाही". हे पान फाडू नका. चांगल्या, आवडत्या गोष्टीही त्या पानावर जाणार आहेत आणि ते बोचणार आहे. पण त्या डोक्यातून निघून कागदावर गेल्या की रोज रोज खुणावत नाहीत.

इथे एक सापळा आहे. तीन गोष्टींमध्ये नोकरीतलं, घरातलं आणि स्वतःचं असं एकेक घेऊन समतोल साधायचा मोह होतो. तसं करायलाच हवं असं नाही. घरात कुणी आजारी असेल तर त्या तिमाहीत एकच गोष्ट महत्त्वाची असू शकते, आणि ते अगदी योग्य आहे.

४. कामाचं पहिलं पाऊल लिहा

"प्रबंध" असं लिहिलेलं काम कुणीच सुरू करत नाही, कारण ते सुरू कुठून करायचं हेच त्यात नाही. त्याऐवजी लिहा, "दुसऱ्या प्रकरणातले तीन तक्ते काढून एका फायलीत ठेवणे." क्रियापद हवं, आणि वाचल्याबरोबर हात कुठे घालायचा ते कळायला हवं. एका बैठकीत संपत नसेल तर अजून तोडा.

५. लागणाऱ्या वेळेचा अंदाज दीडपट करा

आपल्या कामाला किती वेळ लागेल हे माणसाला नीट सांगता येत नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या प्रवृत्तीचा विचार मांडला. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं गेलं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. त्याहून बोलकं म्हणजे "सगळं बिघडलं तर किती लागतील?" या प्रश्नालाही त्यांनी सरासरी ४९च्या आसपास दिवस सांगितले होते. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा तोकडा पडला.

अनुभव असूनही हे घडतं, कारण अंदाज करताना आपण आत्ताच्या कामाचे टप्पे मोजतो. मागच्या वेळी अशाच कामाला खरोखर किती वेळ लागला होता ते पाहत नाही. तुमच्याकडे आता पहिल्या पायरीची वही आहे. तिच्यात तसलंच जुनं काम शोधा आणि तो आकडा घ्या. सापडलं नाही तर मनातला अंदाज दीडपट करा.

याची दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहून ठेवलं, की काम उपलब्ध वेळ भरून निघेल एवढं पसरतं. म्हणून दीडपट वेळ द्या, पण शेवट ठरवून द्या. "दिवसभरात करीन" म्हटलेलं पत्र दिवसभर चालतं.

६. कॅलेंडरात जागा आधी अडवा

यादी करून थांबणारे खूप असतात. यादीत काम कधी करायचं ते नसतं, म्हणून ते कधीच करायचं नसतं. निवडलेल्या तीन गोष्टींचे तास आठवडा सुरू होण्याआधी कॅलेंडरात टाका, बाकी सगळ्याच्या आधी. दवाखान्यात वेळ घेतली की आपण ती पाळतो, बाकीची कामं तिच्या आजूबाजूला बसवतो. तेवढाच मान या तासांना द्या.

लिहिताना वार, वेळ आणि जागा तिन्ही लिहा. "या आठवड्यात अभ्यास" असं मोघम नको, "मंगळवारी सकाळी ६.३० ते ७.४५, खिडकीजवळच्या टेबलावर, चौथं प्रकरण" असं हवं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर बरंच काम केलं आहे. कधी, कुठे आणि कसं हे आधी ठरवलेलं असलं की नुसत्या निश्चयापेक्षा काम पार पडण्याची शक्यता वाढते, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. ऐनवेळी ठरवायचं काही उरत नाही, आणि टाळाटाळ नेमकी त्या ठरवण्यातच शिरते.

आणखी काही गोष्टी सांभाळा:

- एक तुकडा पाऊण ते दीड तासाचा ठेवा. नवीन असाल तर फ्रान्चेस्को चिरिलो यांची २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत सुरुवातीला चांगली. पुढे रमलात की २५ मिनिटांचा गजर उलट अडसर होतो. तेव्हा सोडून द्या.
- दोन कामांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. उठण्याआधी "इथवर आलो, पुढे हे करायचं" अशी एक ओळ लिहून ठेवली तर परत येणं बरंच सोपं होतं.
- आठवड्याचा कमीत कमी पाचवा हिस्सा रिकामा सोडा. कुणीतरी आजारी पडेल, वीज जाईल, साहेब अचानक काहीतरी मागतील. काठोकाठ भरलेलं वेळापत्रक पहिल्याच धक्क्याला कोसळतं आणि मग माणूस ते उघडायचंच सोडतो.

तुमचा चांगला तास कोणता ते वहीवरून ठरवा. पहाटे उठणाऱ्यांचं फार कौतुक होतं, पण ज्याचं डोकं रात्री नऊ वाजता उघडतं त्याने पहाटे पाचला बसून जांभया देण्यात काही अर्थ नाही.

७. अडवलेली जागा राखा

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आवाज बंद करून टेबलावर उलटा ठेवलेला फोन चालत नाही, हात तिकडे जातोच. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर फक्त त्यासंबंधीचे नंबर वाजतील अशी सोय जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते, ती एकदा बसून लावून घ्या.

माणसांचं जास्त अवघड. नाही म्हणताना आपण एक तर गुळमुळीत बोलतो किंवा लांबलचक कारणं देतो, आणि कारण दिलं की समोरचा ते सोडवून देतो. थोडक्यात, आदराने, आणि पर्याय देऊन बोला:

साहेबांना: "सर, हे मी करते. पण मग कालचं काम शुक्रवारऐवजी सोमवारी होईल. आधी कोणतं हवंय?"

सहकाऱ्याला: "आत्ता जरा मध्यात आहे रे. साडेअकराला येतो तुझ्याकडे, चालेल?"

घरी: "आई, साडेसातपर्यंत मला हाक मारू नकोस, मग मी पूर्ण तुझी."

साडेसात म्हटलं की साडेसातला उठायचं. दिलेली वेळ दोन-तीनदा पाळलीत की लोक तुमचा बंद दरवाजा मानायला लागतात. पाळली नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या नाहीला वजन राहत नाही.

८. बारीकसारीक कामं एका खुंटीला बांधा

बिलं, ईमेल, फोन परत करणं, अर्ज, दुरुस्तीवाल्याला बोलावणं ही कामं टाळता येत नाहीत, पण ती दिवसभर सांडलेली असली की दिवस खातात. दिवसातून एक किंवा दोन ठरलेल्या वेळा त्यांना द्या, त्याही तुमच्या थकलेल्या तासांतल्या. मधे आठवलं तर वहीत लिहा आणि पुढे चला.

९. रात्रीची दहा मिनिटं आणि आठवड्याचा अर्धा तास

झोपण्याआधी वही उघडा. उद्याचं अडवलेलं काम कोणतं, लागणारं सामान कुठे आहे, आज काय अर्धवट राहिलं आणि ते कोणत्या दिवशी करणार, एवढंच लिहा. अर्धवट कामं मनात घोळत राहतात, हे खरं. पण ती केव्हा आणि कशी करायची याची नेमकी योजना केली की काम पूर्ण न होताही ते घोळणं कमी होतं, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलं. शांत झोपेसाठी एवढी दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून तीन गोष्टी पाहा: अडवलेल्या तासांपैकी किती पाळले गेले, जे मोडले ते कशामुळे मोडले, आणि पुढच्या आठवड्यात कोणता तास हलवायचा. तोच तास सलग तीन आठवडे मोडत असेल तर त्या वेळेत दम नाही, जागा बदला. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट मागे पडत असेल तर स्वतःला विचारा, ती खरंच तुमच्या तीनमधली आहे का. कधीकधी ती "आत्ता नाही"च्या पानावर जायला हवी असते.

ज्यांचा दिवस स्वतःच्या हातात नाही त्यांच्यासाठी

तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेलं माणूस, पाळ्यांची नोकरी, एकापेक्षा जास्त कामं करून चालणारं घर. अशांना दीड तासाचा सलग तुकडा सांगणं अन्यायाचं आहे. पद्धत तीच, पण माप बदला. तीनऐवजी एक गोष्ट घ्या. वेळ घड्याळाला बांधण्याऐवजी प्रसंगाला बांधा: "बाळ झोपलं की आधी दोन पानं", "पाळी संपवून बसमध्ये बसलं की उजळणी". कामाचं पाऊल पंधरा मिनिटांत संपेल एवढं लहान ठेवा आणि सामान एका पिशवीत कायम तयार ठेवा, म्हणजे मिळालेली पंधरा मिनिटं शोधाशोधीत जाणार नाहीत.

शिवाय दुसऱ्या पायरीचा हिशोब घरातल्या मोठ्यांसमोर मांडा. कोणाच्या वाट्याला किती तास येतात हे बोलून पटत नाही, कागदावर दिसलं की पटतं. आठवड्याचे दोन तास जरी दुसऱ्या कुणी उचलले, तरी ते कोणत्या वारी आणि किती ते किती हे त्याच बैठकीत ठरवून कॅलेंडरात लिहून टाका.